सिस्प्लेक्समधल्या मेनफ्रेमचं अपग्रेड: सेवा न थांबवता, एकेक सिस्टीम करत

रात्री बारानंतर पैशांचे व्यवहार थंडावतात, हा काळ मागे पडला. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, बारा महिने सुरू आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच या घाऊक भरणा यंत्रणेतले पगार, पेन्शन आणि कर्जाचे हप्तेही सुट्टीच्या दिवशी खात्यावर पडतात. त्यामुळे मेनफ्रेमवाल्यांना (बँकांचे मोठे मध्यवर्ती संगणक सांभाळणाऱ्यांना) पूर्वी रविवारी पहाटे मिळणारी हक्काची बंद वेळ उरलेली नाही. कुणाचा तरी पगार नेमका त्या पहाटे जमा व्हायचा असतो, आणि आपल्या अपग्रेडसाठी त्याने थांबावं असं म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आयबीएमने १९९४ मध्ये आणलेल्या पॅरलल सिस्प्लेक्सची, म्हणजे मिळून काम करणाऱ्या मेनफ्रेम सिस्टीमच्या गटाची (क्लस्टरची), रचना याच गरजेसाठी आहे. झेड/ओएस ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टीम चालवणाऱ्या ३२ पर्यंत सिस्टीम कपलिंग फॅसिलिटी या सामायिक मेमरीच्या यंत्रणेमार्फत एकाच डेटावर काम करतात. त्यातली एक काढली तर बाकीच्या भार उचलतात. मग एक काढायची, तिच्यावर नवी आवृत्ती चढवायची, परत आत घ्यायची आणि पुढची धरायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात आयपीएलला (सिस्टीम नव्याने चालू करायला) जेमतेम थोडा वेळ लागतो. खरी मेहनत सिस्टीम कुणाला कळू न देता रिकामी करण्यात आणि जुनी-नवी आवृत्ती शेजारी शेजारी नांदवण्यात असते. या लेखाचा बहुतेक भाग त्या दोन गोष्टींवरच आहे.

उदाहरण म्हणून चार सिस्टीम घेऊ: एसवाय१ ते एसवाय४. दोन बॉक्स, प्रत्येकावर दोन एलपार (बॉक्सचे स्वतंत्र भाग, प्रत्येकात एक सिस्टीम), दोन कपलिंग फॅसिलिटी. वर सीआयसीएस (व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर), डीबी२ (डेटाबेस) डेटा शेअरिंग आणि एमक्यू (संदेशांची देवाणघेवाण). जायचं आहे झेड/ओएस २.५ वरून ३.१ वर.

पायरी पहिली: क्लस्टर खरंच क्लस्टर आहे का, ते तपासा

कागदावर चारही सिस्टीम सारख्या असतात. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं साचलेल्या सवयींमुळे काही कामं एकाच सिस्टीमला चिकटलेली असतात, आणि ती सिस्टीम खाली घेतली की सेवा तुटते. ही चिकटलेली कामं महिनाभर आधी शोधायला घ्या.

जेसीएल (बॅच जॉबच्या सूचना) आणि प्रोकलिब (अशा सूचनांचे साठवलेले संच) धुंडाळून कुठे कुठे सिसॅफ हा पर्याय टाकून जॉब एका सिस्टीमला बांधलाय, ते पाहा. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी तात्पुरतं म्हणून लिहिलेली ओळ अजून तिथेच असते. सीआयसीएसमध्ये एका व्यवहाराने लिहिलेली टेम्पररी स्टोरेज क्यू (तात्पुरती साठवलेली माहिती) दुसरा व्यवहार त्याच एओआरमध्ये (व्यवहाराचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सीआयसीएसमध्ये) शोधत असेल, तर ती कपलिंग फॅसिलिटीतल्या शेअर्ड क्यूमध्ये न्यावी लागेल. कॉमन वर्क एरियात (एका सीआयसीएसपुरत्या सामायिक मेमरीत) माहिती ठेवणारे प्रोग्रॅम याच जातीचे. मग बाहेरच्या फाइल ट्रान्सफर: समोरच्या संस्थेने डायनॅमिक व्हीआयपीएऐवजी (एका सिस्टीमवरून दुसरीवर सरकू शकणाऱ्या आयपी पत्त्याऐवजी) एका सिस्टीमचा थेट आयपी पत्ता टाकलेला असतो. तो बदलून घ्यायला त्यांच्या फायरवॉलची मंजुरी लागते आणि त्यात आठवडे जातात. शेवटी इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर उत्पादनं. लायसन्स की प्रोसेसरच्या सीरियल नंबरला बांधलेली असेल, तर काम दुसऱ्या बॉक्सवर सरकताच ते उत्पादन उठायला नकार देतं.

त्याच वेळी कपल डेटासेटही (सगळ्या सिस्टीम मिळून वापरतात त्या नियंत्रणाच्या फाइलीही) पाहून घ्या. सिस्प्लेक्स, सीएफआरएम (कपलिंग फॅसिलिटीची धोरणं), एसएफएम (बिघाड हाताळणी), लॉगर (सामायिक लॉग) या प्रत्येकाला प्रायमरी आणि अल्टरनेट दोन्ही हवेत, आणि तेही वेगळ्या डिस्क युनिटवर. हेल्थ चेकर या तपासणी साधनाचे एक्ससीएफचे (सिस्टीमना एकमेकींशी जोडणाऱ्या भागाचे) चेक यासाठीच आहेत. त्यांचे अपवाद (इशारे) कुणीतरी दाबून ठेवलेले नाहीत ना, एवढं बघा.

पायरी दुसरी: क्षमतेचं गणित

चारही सिस्टीम ऐन गर्दीत ७० टक्के भरलेल्या असतील, तर एक काढल्यावर उरलेल्या तीन ९३ टक्क्यांवर जातात. ७५ टक्के असतील तर थेट शंभर. दोनच सिस्टीमचा सिस्प्लेक्स असेल तर प्रत्येकीने निम्म्याच्या आत राहायला हवं.

पण हा हिशोब एलपार एकाच बॉक्सवर आहेत की वेगळ्या, यावर बदलतो. एसवाय१ आणि एसवाय२ एका बॉक्सवर असतील तर एसवाय१ बंद होताच तिचा प्रोसेसर वेळ पीआर/एसएम (एलपारमध्ये हार्डवेअर वाटणारा भाग) एसवाय२ला देऊ शकतो. अट अशी की एसवाय२कडे पुरेसे लॉजिकल प्रोसेसर असावेत आणि तिच्यावर कॅप (प्रोसेसर वापराची मर्यादा) नसावी. डिफाइन्ड कॅपॅसिटी लावलेली असेल तर शेजारणीचा भार अंगावर घेताना तीच चार तासांच्या सरकत्या सरासरीने मर्यादेला टेकते आणि भलत्या वेळी मंदावते. खर्च वाचवायला लावलेली ती मर्यादा अपग्रेडच्या खिडकीपुरती किती वाढवायची, हे आधीच लेखी ठरवून घ्या. झिप प्रोसेसर (ठराविक कामांसाठीचे वेगळे प्रोसेसर) विसरू नका. डीबी२कडे नेटवर्कवरून येणारा डिस्ट्रिब्युटेड भार बराचसा त्यांच्यावर चालतो, आणि ते अपुरे पडले की काम साध्या प्रोसेसरवर सांडतं.

हार्डवेअरही पाहा: ३.१ला किमान झेड१४ पिढीचा मेनफ्रेम लागतो, ३.२ला झेड१५.

पायरी तिसरी: आधी जुन्या आवृत्तीला तयार करा

इथे अनेक टीम गडबडतात. सगळं लक्ष नव्या आवृत्तीकडे असतं, पण पहिली फेरी जुन्या आवृत्तीवरच करायची असते. शेजारी ३.१ आल्यावर तिच्याशी नीट वागायला २.५ला काही पीटीएफ (आयबीएमने दिलेल्या दुरुस्त्या) लागतात. एसएमपी/ई (सॉफ्टवेअर बसवण्याचं साधन) मध्ये त्यांच्यासाठी कोएक्झिस्टन्सची, म्हणजे एकत्र नांदण्याची, वेगळी फिक्सकॅट (दुरुस्त्यांचा वर्ग) आहे. होल्डडेटा (दुरुस्त्यांबद्दलच्या सूचनांची फाइल) ताजा उतरवा, मग त्या फिक्सकॅटवर रिपोर्ट मिसिंगफिक्स चालवा. जे राहिलं असेल ते आधी अप्लाय चेकने (चाचणीपुरतं) आणि मग अप्लायने लावा. यातल्या काही पीटीएफना आयपीएल लागतं. म्हणजे चारही सिस्टीमची एक फेरी इथेच होते. तिला वाया गेलेली फेरी समजू नका: सिस्टीम रिकामी करण्याचा खरा सराव हाच, आणि तोही ओळखीच्या आवृत्तीवर.

झेड/ओएसमध्ये साधारणपणे सलग तीन आवृत्त्या एका सिस्प्लेक्समध्ये एकत्र चालतात. ३.१ सोबत २.५ आणि २.४, ३.२ सोबत ३.१ आणि २.५. याहून मोठी उडी मारायची असेल तर मधला थांबा घ्यावाच लागेल.

डीबी२चा नियम असाच, फक्त अधिक कडक. मे २०२२ मध्ये आलेल्या डीबी२ १३ कडे जाण्याआधी १२ चा ग्रुप फंक्शन लेव्हल (सुविधांचा टप्पा) ५१० वर असावा लागतो आणि प्रत्येक मेंबरवर (ग्रुपमधल्या प्रत्येक डीबी२वर) फॉलबॅकचा, म्हणजे मागे परतता येण्यासाठीचा, पीटीएफ लागलेला असावा लागतो. पण झेड/ओएस आणि डीबी२ एकाच फेरीत बदलू नका, असा माझा ठाम आग्रह आहे. काही बिघडलं तर दोष कुणाचा हे शोधण्यातच रात्र सरते.

आरएसीएफ (सुरक्षा) डेटाबेसचे टेम्प्लेट नव्या आवृत्तीच्या आयपीएलआधी आयआरआरमिन०० या युटिलिटीने अपडेट करा. नवे टेम्प्लेट जुन्या सिस्टीमनाही चालतात, त्यामुळे भिण्याचं कारण नाही.

शेअर्ड पार्मलिब (सेटिंगची सामायिक लायब्ररी; तिच्यातली प्रत्येक फाइल म्हणजे मेंबर) मात्र जपून हाताळा. नव्या आवृत्तीचा एखादा कीवर्ड सामायिक मेंबरमध्ये घातला तर चालू सिस्टीमला काहीच होत नाही. दोन आठवड्यांनी जुन्या आवृत्तीवरची एसवाय४ काही वेगळ्याच कारणाने आयपीएल होते, तेव्हा तो कीवर्ड तिला ओळखता येत नाही आणि ती अडखळते. नव्यासाठी वेगळ्या सफिक्सचा मेंबर करा. जुन्याला हात लावू नका.

पायरी चौथी: नवा सिसरेस

चालू सिसरेसवर (ऑपरेटिंग सिस्टीम असलेल्या डिस्कवर) कधीही काही चढवायचं नाही. नवा संच वेगळ्या व्हॉल्यूमवर बांधा. कॅटलॉगमधल्या नोंदी सिसआर१ सिम्बॉलने (आयपीएलच्या डिस्कचं नाव आपोआप घेणाऱ्या चिन्हाने) अप्रत्यक्ष केलेल्या असतील तर ज्या व्हॉल्यूमवरून आयपीएल कराल त्याचेच डेटासेट आपोआप उचलले जातात आणि मास्टर कॅटलॉग एकच राहतो. युनिक्स बाजूला आवृत्तीचा रूट झेडएफएस (मूळ फाइल सिस्टीम) वेगळा ठेवा आणि त्याचं नावही सिम्बॉलवरून येऊ द्या.

लोडपार्म, म्हणजे आयपीएलला द्यायचा पॅरामीटर, आठ अक्षरांचा असतो: पहिली चार आयओडीएफच्या (हार्डवेअरच्या मांडणीच्या फाइलच्या) डिस्कचा पत्ता, पुढची दोन लोड मेंबरचा सफिक्स, मग एक अक्षर संदेश किती दाखवायचे याचं आणि शेवटचं न्यूक्लियसचं (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं). जुना सिसरेस आणि त्याचा लोडपार्म, नवा सिसरेस आणि त्याचा लोडपार्म, या दोन ओळी प्रत्येक सिस्टीमसाठी मोठ्या अक्षरांत छापून एचएमसीच्या (हार्डवेअर चालवण्याच्या कन्सोलच्या) शेजारी लावा. पहाटे तीन वाजता स्मरणशक्तीवर विसंबू नये.

पायरी पाचवी: दिवस निवडणं

इथल्या यंत्रणांसाठी महिन्याची पहिली पाच-सात तारीख, ३१ मार्चच्या आसपासचे दिवस आणि दिवाळीआधीची खरेदीची गर्दी टाळा. ऐरोली किंवा पवईत बसून अमेरिकी ग्राहकांची मेनफ्रेम सांभाळत असाल तर त्यांची शनिवारची मध्यरात्र म्हणजे आपली रविवार सकाळ: न्यूयॉर्कच्या हिशोबाने उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. त्यांची घड्याळं पुढे-मागे होतात तो रविवार सोडा. आणि रेल्वेचा मेगाब्लॉक पाहा. तो बहुतेकदा रविवारी सकाळी अकराच्या सुमारास लागतो. कल्याण-डोंबिवलीहून किंवा हार्बरवरून दुसऱ्या पाळीला येणारा माणूस ऐन आयपीएलच्या वेळी रस्त्यात अडकू नये. ब्लॉकचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, त्यानुसार पाळ्या बदला. जुलैमध्ये तर राखीव माणूस घरून जोडला जाईल याचीही सोय हवी.

क्रम असा ठेवा: आधी चाचणीचा सिस्प्लेक्स, मग डेव्हलपमेंट, मग उत्पादनातली सर्वांत कमी चिकटलेली सिस्टीम. आपल्या उदाहरणात ती एसवाय१.

पायरी सहावी: सिस्टीम रिकामी करणं

सुरुवातीला सगळं जसं आहे तसं टिपून ठेवा. डिस्प्ले एक्ससीएफने सिस्टीम, कपल डेटासेट आणि स्ट्रक्चर (कपलिंग फॅसिलिटीत राखलेले मेमरीचे भाग). डी जीआरएस,सी ने कुणी कुणाला अडवलंय का. डीबी२चा डिस्प्ले ग्रुप आणि इनडाउट थ्रेड (पूर्ण की रद्द हे न ठरलेले व्यवहार). कुठे स्ट्रक्चरचं अर्धवट रिबिल्ड (पुनर्बांधणी) किंवा अडकलेला एनक्यू (लॉक) दिसला तर आधी तो सोडवा. आजारी सिस्प्लेक्समधून सिस्टीम काढायची नसते. ऑटोमेशन आणि एआरएमलाही (पडलेलं काम आपोआप उठवणाऱ्या सोयीलाही) सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही बंद केलेलं काम ते इमानेइतबारे पुन्हा उठवतील.

पहिला नळ नेटवर्कचा. एसवाय१ वर व्हॅरी टीसीपीआयपी,,सिस्प्लेक्स,क्विएस,टार्गेट द्या (क्विएस म्हणजे नवं काम न घेता चालू काम संपू देणं). सिस्प्लेक्स डिस्ट्रिब्युटर (सिस्टीममध्ये कनेक्शन वाटणारा भाग) नवी कनेक्शन तिथे पाठवणं थांबवतो, जुनी तशीच चालू राहतात. आणि इथेच पुष्कळ वेळ जातो. ॲप सर्व्हरचे जेडीबीसी पूल (डेटाबेसकडे उघड्या ठेवलेल्या कनेक्शनचे साठे) एकदा जोडलेलं कनेक्शन दिवसेंदिवस सोडत नाहीत. नेटस्टॅटमध्ये आकडा कमी होताना पाहत बसाल, तो हलणारच नाही. त्यावर उपाय त्या रात्री सापडत नाही. मिडलवेअरच्या टीमकडून पूलला कनेक्शनचं कमाल वय लावून घ्या, म्हणजे क्विएस दिल्यावर तेवढ्या वेळात जुनी कनेक्शन आपसूक मरतात आणि नवी दुसऱ्या सिस्टीमवर उघडतात. ही एक तजवीज बाकी सगळ्या हुशारीपेक्षा मोलाची आहे. ती झाल्याशिवाय मी अपग्रेडची तारीख देत नाही.

मग सीआयसीएस. सीआयसीएसप्लेक्स एसएममधून (सगळ्या सीआयसीएस एकत्र सांभाळणाऱ्या साधनातून) एसवाय१ वरचे एओआर क्विएस करा म्हणजे टीओआर (व्यवहार स्वीकारून पुढे वाटणारे सीआयसीएस) नवे व्यवहार तिकडे वळवत नाहीत. चालू टास्क संपू द्या. एखादा लांबलेला टास्क दिसला तर तो काय करतोय हे ॲप्लिकेशनच्या माणसाला विचारा, आणि मारायचाच असेल तर पर्ज (सुरक्षित असेल तरच तोडणं). फोर्सपर्ज (जबरदस्तीने तोडणं) अगदी शेवटी.

बॅचसाठी एसवाय१ वर डॉलर पी एक्सइक्यू द्या, म्हणजे त्या मेंबरवर नवा जॉब उचलला जाणार नाही. तीन-चार तास चालणारे जॉब शेड्युलरमधूनच दुसरीकडे न्या. ते सुरू झाल्यावर काही करता येत नाही.

यानंतर एमक्यू, आणि मग डीबी२, दोन्ही क्विएस मोडमध्ये. डीबी२ घाईने पाडायचा मोह होतो, तो आवरा. मेंबर नीट बंद झाला तर त्याची लॉक सुटतात. पडला तर बदल करण्यासाठी धरलेली लॉक कपलिंग फॅसिलिटीत राखून ठेवली जातात, आणि तो मेंबर पुन्हा उठेपर्यंत त्या पानांवर येणारं इतर सिस्टीमवरचं काम अडतं. म्हणजे एसवाय१ वर वाचवलेली पाच मिनिटं एसवाय२ ते एसवाय४ वरच्या खातेदारांच्या अंगावर जातात.

उरलेलं झपाट्याने होतं: युनिक्सच्या फाइल सिस्टीमची मालकी दुसरीकडे सरकवा, ओएमव्हीएस (युनिक्स) बंद करा, मग आरआरएस (व्यवहारांचा समन्वय), टीसीपीआयपी आणि व्हीटॅम (नेटवर्क), जेईएस२ (बॅच). शेवटी झेड ईओडी, म्हणजे एसएमएफचे (वापराच्या नोंदींचे) आणि लॉगरेकचे (बिघाडांच्या नोंदींचे) बफर डिस्कवर उतरतात.

पायरी सातवी: सिस्प्लेक्समधून बाहेर

व्हॅरी एक्ससीएफ,एसवाय१,ऑफलाइन. आयएक्ससी३७१डी खात्री विचारतो. सिस्टीमचं नाव पुन्हा वाचून उत्तर द्या.

मग येऊ शकतो आयएक्ससी१०२ए: एसवाय१ रिसेट झाल्यावर डाउन असं उत्तर द्या. या संदेशापाशी मी सगळ्यांना हात कीबोर्डवरून काढायला लावतो. डाउन म्हणजे बाकीच्या सिस्टीमना तुम्ही दिलेला शब्द आहे की एसवाय१ आता एकाही डिस्कला हात लावू शकत नाही. ती अजून जिवंत असताना डाउन टाकलं, तर बाकीच्या तिची जागा मोकळी धरून चालतात आणि दोघी एकाच डेटावर लिहितात. तो बिघाड दुरुस्त करणं फार कठीण असतं. म्हणून आधी एचएमसीवर त्या एलपारचा सिस्टीम रिसेट, तो पूर्ण झाल्याचं डोळ्यांनी पाहणं, आणि मगच उत्तर. एलपारचं नाव आणि सिस्टीमचं नाव पुष्कळ ठिकाणी वेगळं असतं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापील कागदाशी ताडायचं. बीसीपीआयआय (झेड/ओएसला हार्डवेअरशी थेट बोलू देणारी सोय) वापरून सिस्टीमची स्थिती ओळखण्याची सोय सुरू असेल तर बहुतेक वेळा हा प्रश्नच येत नाही. ती अजून सुरू केली नसेल तर अपग्रेडआधी करून घ्या.

पायरी आठवी: आयपीएल आणि परतीचा रस्ता

नवा सिसरेस, नवा लोडपार्म, लोड. सिस्टीम उठली की सर्वांत आधी डी आयपीएलइन्फो. आवृत्ती, लोड मेंबर आणि सिसरेसचा पत्ता तीनही बरोबर आहेत ना? जुन्याच सिसरेसवरून उठलेल्या सिस्टीमवर अर्धा तास तपासण्या करण्यात अर्थ नाही. नंतर डी सिम्बॉल्स, सिस्प्लेक्समध्ये सामील झाली का, हेल्थ चेकर काय म्हणतो.

सेवा उलट्या क्रमाने उठवा आणि नेटवर्कचा नळ सगळ्यात शेवटी सोडा. रिझ्यूम देताच डब्ल्यूएलएमला (कामाचा भार सांभाळणाऱ्या भागाला) एसवाय१ रिकामी दिसते, म्हणून डिस्ट्रिब्युटर नव्या कनेक्शनचा मोठा वाटा तिच्याकडे ढकलतो. त्यात डीबी२चे लोकल बफर पूल अजून रिकामे असतात, त्यामुळे पहिली काही मिनिटं प्रतिसाद मंद वाटतो. शक्य असेल तर एकेक पोर्ट करून रिझ्यूम द्या. त्या मंदपणाला घाबरून कुणी लगेच मागे फिरू नये, आणि किती वेळ वाट पाहायची हे आधीच ठरलेलं असावं.

पायरी नववी: मिश्र अवस्थेत राहणं

एसवाय१ नव्या आवृत्तीवर, बाकी तिघी जुन्या. लोकांना ही अवस्था कधी एकदा संपते असं होतं. मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. तोच व्यवहार, त्याच क्षणी, दोन आवृत्त्यांवर चालतोय. आरएमएफ (कामगिरी मोजणारं साधन) आणि एसएमएफमधून प्रत्येक व्यवहारामागे लागणारा प्रोसेसर वेळ शेजारी शेजारी मांडा. असली तुलना चाचणीच्या यंत्रणेवर कधीच मिळत नाही.

एसवाय१ला किमान एक सोमवार सकाळ आणि एक महिनाअखेर पाहू द्या, मग एसवाय२. दुसरी नीट गेली तर पुढच्या दोन लागोपाठच्या रविवारी घ्यायला हरकत नाही. मात्र मिश्र अवस्था तिमाहीभर ताणू नका, कारण तोवर दोन आवृत्त्यांची देखभाल करावी लागते.

या काळात नव्या आवृत्तीची कुठलीही खास सुविधा सुरू करायची नाही. मागे जाण्याचा रस्ता त्यावरच टिकून असतो: जुना सिसरेस, जुना लोडपार्म, आयपीएल, झालं. चाचणीच्या सिस्प्लेक्सवर हे परतणं एकदा खरोखर करून पाहा. डीबी२ १३ मध्येही तेच. फंक्शन लेव्हल १०० वर असेपर्यंत १२ वर परतता येतं, ५०० सुरू केली की ते दार बंद होतं.

कपलिंग फॅसिलिटीचं मायक्रोकोड अपग्रेड असेल तर ते वेगळ्या दिवशी. आधी डी एक्ससीएफ,रिॲलोकेट,टेस्ट चालवून स्ट्रक्चर कुठे जातील ते पाहा. मग त्या फॅसिलिटीला मेंटेनन्स मोडमध्ये टाका आणि रिॲलोकेट द्या म्हणजे स्ट्रक्चर दुसरीकडे जातात. दुसऱ्या फॅसिलिटीत सगळी स्ट्रक्चर मावण्याइतकी मेमरी हवीच. काम झालं की मेंटेनन्स मोड काढून पुन्हा रिॲलोकेट. हे दुसरं रिॲलोकेट राहून गेलं तर सगळा भार एकाच फॅसिलिटीवर राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून चेकलिस्टमध्ये त्याला स्वतंत्र ओळ द्या.

चौथी सिस्टीम झाल्यावर

जुना सिसरेस लगेच पुसू नका. चारही सिस्टीम एक पूर्ण महिनाअखेर नव्यावर काढेपर्यंत तो तसाच राहू द्या. त्यानंतर नव्या सुविधा एकेक करून सुरू करा, दोन सुविधांमध्ये किमान आठवड्याचं अंतर ठेवा आणि प्रत्येकीला वेगळा चेंज नंबर घ्या. पार्मलिबमधले दुहेरी मेंबर आवरा. डिफाइन्ड कॅपॅसिटी वाढवली असेल तर ती पूर्ववत करा, आणि शेड्युलरमधून हलवलेले जॉब त्यांच्या जागी परत गेलेत का, हे पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत तपासा.